चपटी पेनी

मंडळी, लहानपणी रुळावर पाच पैशांचं नाणं ठेवून गाडीची वाट पाहिली नाही, असा माणूस आपल्यात विरळाच! इथे तोच उद्योग यंत्र करतं. प्रेक्षणीय स्थळी जावं, यंत्रात पौंड आणि एक पेनी टाकावी, चाक फिरवावं. रोलरमधून दबून पेनी लांबट होते, चित्र उमटून बाहेर पडते. प्रथा जुनी आहे. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातही अशी नाणी मिळत. त्याच वर्षी त्याच शहरात विवेकानंदांचं भाषण झालं!

आमच्या चिरंजीवांना हा नाद लागला. त्यातली गोम अशी, की १९९२ नंतरच्या पेनीत आत पोलाद आणि वर तांब्याचा मुलामा. ती नीट दबत नाही. त्याआधीची ब्राँझची, मऊ. लोहचुंबकाला चिकटली नाही, की घ्यावी. काही यंत्रांत मात्र तांब्याची चकती आतच असते.

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, त्यांना हे मुळीच पटेना. "अगं, लक्ष्मी ती! पैसे देऊन पैसा चिरडायचा?" पोरगा हिरमुसला. तरी निघताना त्याने टॉवर ब्रिजची पेनी आजीच्या हातात ठेवलीच. त्या काही बोलल्या नाहीत.

त्या गेल्यावर पुण्याचं घर आवरलं. देव्हाऱ्यात टाकांशेजारी ती पेनी होती, हळदकुंकू लागलेली. मी ती मुलाला आणून दिली. त्याने ती पुसली नाही, संग्रहातही लावली नाही. म्हणाला, "आई, ही देवातच ठेव."