आधी परीक्षा, मग प्लॉट

जालना, अंबड, भोकरदनकडील आपल्या व्यापारी व कारागीर घरांतील मुलेमुली आता बीडीएस होत आहेत, ही समाधानाची बाब आहे. पण पदवी हातात पडताच काही घरांत अमेरिकेचा विषय निघतो आणि पाठोपाठ प्लॉट विकण्याचाही. या दुसऱ्या विषयावर आम्हांला चार शब्द लिहायचे आहेत.

परदेश म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आखात येते. तेथे बीडीएस, काही अनुभव आणि परवान्याची परीक्षा एवढ्यावर दंतवैद्याला काम मिळू शकते. अमेरिकेचे तसे नाही. तेथे परवाना केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्य आपापला देते. जालना बाजार समितीचा आडतीचा परवाना दाखवून लातूरच्या मोंढ्यात गादी मांडता येत नाही. तसेच टेक्सासच्या परवान्यावर कॅलिफोर्नियात दवाखाना थाटता येत नाही. शिवाय बहुतेक राज्यांना आपली बीडीएस पुरेशी वाटत नाही. तेथील मान्यताप्राप्त कॉलेजात आणखी दोन-तीन वर्षे शिकून डीडीएस किंवा डीएमडी घ्यावी लागते. काही राज्ये रेसिडेन्सीच्या वाटेनेही परवाना देतात. न्यूयॉर्क तर पदवीनंतर वर्षभराची रेसिडेन्सी मागतेच. म्हणून राज्य आधी ठरवावे आणि त्याचे नियम मुळातून वाचावेत, एजंटाच्या तोंडून ऐकू नयेत.

आयएनबीडीई ही तेथील राष्ट्रीय परीक्षा २०२० साली सुरू झाली. दोन दिवस, ५०० प्रश्न, निकाल फक्त पास किंवा नापास. पुढे बरीच कॉलेजे उमेदवाराला बोलावून कृत्रिम दातांवर हाताचे काम करून घेतात. (कारागिराच्या लेकीला ही परीक्षा जड जाऊ नये, असे आम्हांला उगीच वाटते.) हे सारे पार पडले तरच प्रवेश, आणि तेव्हा खरा खर्च सुरू होतो. नुसती फी एक लाख डॉलरच्या वर सहज जाते, म्हणजे पाऊण कोटी रुपयांहून अधिक. परवाना मिळाला तरी तेथे काम करण्याचा व्हिसा ही वेगळीच बाब.

आपण माल पाहिल्याशिवाय इसारही देत नाही. मग परीक्षेचा अर्ज भरण्याआधी प्लॉटचा सौदा कशासाठी? बँकेचे कर्ज साडेसात लाखांवर गेले की सहसा तारण मागतात, आणि व्याजाचा प्रश्न आपल्या अनेकांना निराळा सतावतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जावरील व्याजाचा भार उचलणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तेव्हा भावकीतून, जमातीतून कर्जे-हसना उभा करायचा तर तो टप्प्याटप्प्याने द्यावा, असे आमचे मत आहे. प्रथम परीक्षेपुरती रक्कम, निकाल लागल्यावर अर्जांची, प्रवेशपत्र हाती आल्यावर पुढची.

एक काम मात्र आजच करावे. दहावीच्या सनदेवर 'मोहम्मद', पदवीवर 'मो.', पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी, असा घोळ आपल्याकडे फार. तिकडे कागद तपासणाऱ्याला ही तीन माणसे वाटतात. इंटर्नशिप चालू असतानाच सर्व कागदांवरील नावे ताडून पाहावीत आणि फरक असल्यास दुरुस्तीचा अर्ज टाकावा; विद्यापीठातून दुरुस्त होऊन यायला वेळ लागतो.