फासे टाकण्याआधीची गोष्ट

दिवाळीत किल्ला केलात की मातीचे मावळे आणता ना? एक तोफेपाशी, एक दरवाजात आणि एक उगीचच बुरुजावर. आता सांगा पाहू, त्या बुरुजावरच्या मावळ्याचं गाव कोणतं? घरी कोण कोण असतं? त्याला पोहता येतं का? नाही ना ठाऊक? आज आपण त्याचीच पूर्वकथा लिहायला शिकू. ती एका खेळासाठी हवी आहे.

हा खेळ बैठा आहे. चार-पाच जणांनी गोल करून बसायचं आणि प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं. एक जण खेळ चालवतो, त्याला आपण सूत्रधार म्हणू. तो प्रसंग सांगतो, "रात्र आहे, समोर खंदक आहे, काय करता?" तुम्ही आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर द्यायचं. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ छापून बाहेर आला आणि पुढे हा प्रकार जगभर पसरला. त्याआधीच्या लढाईच्या खेळांत एकेक खेळाडू अख्खं सैन्य हलवत असे. इथे एका खेळाडूला एकच माणूस! आणि माणूस म्हटला की त्याचं मागचं आयुष्य आलंच.

१९७७ च्या 'ट्रॅव्हलर' या खेळात तर पूर्वकथाही फासे टाकूनच ठरायची. चार-चार वर्षांची नोकरी, त्यात काय शिकला, काय कमावलं. फासे वाईट पडले तर पात्र खेळ सुरू होण्याआधीच मरायचं! मग घ्या नवा कागद.

आमच्या कुरुळीहून चाकण जवळच. तिथला भुईकोट किल्ला म्हणजे संग्रामदुर्ग. आता त्याचे थोडेच अवशेष उरले आहेत. १६६० च्या पावसाळ्यात शायिस्ताखानाने त्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि त्याच्या माणसांनी पन्नासहून अधिक दिवस किल्ला झुंजवला. अखेर खानाने जमिनीखालून भुयार खणून सुरुंग लावला, बुरूज उडवला, तेव्हा कुठे किल्ला पडला. चौथीला शिवरायांचा इतिहास असतोच, म्हणून वर्गात आम्ही हाच वेढा खेळायला घेतला. प्रत्येकाने किल्ल्यातलं एक माणूस व्हायचं. नाव इतिहासात नसलेलं.

पहिल्या दिवशी कागद गोळा केले, तर काय! जवळजवळ सगळ्यांनी आईवडील मारून टाकलेले. "माझे आईबाबा लढाईत गेले. मी एकटा आहे. मला सूड घ्यायचा आहे." मोठी माणसंही हा खेळ खेळताना हेच करतात बरं का! सोपं पडतं ते. पण सूत्रधाराची पंचाईत होते. ज्याचं मागे कुणीच नाही, त्याला कशाची काळजी घालणार? तो आपला प्रत्येक प्रसंगात तलवार उपसतो. दोन वेळा मजा येते, तिसऱ्यांदा जांभया.

म्हणून मी नियम केला : किमान एक माणूस जिवंत ठेवायचं, एक काम येत असलं पाहिजे आणि एक गोष्ट अर्धवट राहिलेली हवी. सगळं मिळून दहा ओळी. पाच पानं लिहिलीत तर बाकीच्यांनी ऐकायची कधी?

एका मुलीने विहिरी खणणाऱ्याची लेक घेतली. तिचे वडील गावाकडे तेच काम करायचे, आता कंपनीत जातात. खेळात तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "मी बुरुजावर परातीत पाणी भरून ठेवते. खाली कुणी खणत असेल तर पाणी थरथरेल." नाशिक हायवेवरून ट्रेलर गेला की घरातल्या हंड्यात तसं होतं, हे तिने पाहिलेलं! जुन्या काळी वेढ्यात खरोखरच असं करत. तीन फाशांची बेरीज बारा हवी होती, आले नऊ. पाणी हललं, पण पावसामुळे की भुयारामुळे, ते तिला कळेना. अख्खा वर्ग परातीभोवती!

आणखी एक मुलगा होता. लातूरकडून वर्षाच्या मध्येच आलेला, त्याची ही तिसरी शाळा. त्याने कागदावर लिहिलं होतं, "गाव : नाही. घर : नाही." मी खोडलं नाही, रागावलेही नाही. एवढंच विचारलं, "खंदकातलं पाणी बघून तुझ्या गड्याला काय आठवतं?" दुसऱ्या दिवशी त्याने चार ओळी आणल्या. गड्याची आजी गावी राहिली आहे. तिच्याकडे एक शेळी आहे. निघताना पहाट होती, आजी झोपली होती, गाडीवाला घाई करत होता. "तिला सांगायचं राहिलं."

बघा, यात तलवार नाही की सूड नाही. पण सूत्रधाराला याहून जास्त काय हवं? मी वेढ्याच्या चाळिसाव्या रात्री त्याच्या गड्याला सांगितलं, "तटाला एक फट सापडली आहे. आज रात्री एकच माणूस बाहेर पडू शकतं. उद्या ती बुजवणार." तो बराच वेळ बोलला नाही. शेजारची परातवाली म्हणाली, "जा रे, आम्ही बघतो इकडे." कुणी म्हणालं, "गेला तर फितूर!" यावर जे भांडण जुंपलं, ते मधल्या सुट्टीतही मिटेना.

शेवटी त्याने विचारलं, "बाई, जाऊन परत येता येईल का?"

मी म्हटलं, "टाक फासे."

तेवढ्यात घंटा झाली. फासे माझ्या कपाटात आहेत, आणि शनिवारपर्यंत ते कुणालाही मिळणार नाहीत, कितीही मस्का लावला तरी. तोवर तुम्ही तुमच्या मावळ्याच्या दहा ओळी लिहा. साधे लुडोचे तीन फासे पुरतात. आणि हो, शेजाऱ्याच्या मावळ्याशी त्याचं काहीतरी नातं जोडा, मावसभाऊ म्हणा, उधारी म्हणा, म्हणजे खेळायला बसल्या बसल्या बोलायला विषय मिळतो.