हेड चढवण्याआधी एवढं करा

टर्बो मोठा केला, बूस्ट वाढवला आणि हेड गॅस्केट उडालं, की पुढची खरेदी ठरलेली असते. अनेक थरांचं स्टीलचं परदेशी गॅस्केट आणि एआरपी कंपनीचे स्टड. दोन्ही वस्तू उत्तम आहेत आणि योग्य इंजिनात मी त्या आग्रहाने बसवायला सांगतो. पण हौसेने, पोटाला चिमटा काढून इंजिन बांधणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे की ही खरेदी सगळ्यात शेवटी करा. गॅस्केट उडण्यामागे गॅस्केट दुबळं असणं हे कारण क्वचितच असतं. हेड वाकलेलं असतं, फेसिंग खरबरीत असतं, टॉर्क चुकलेला असतो किंवा इंजिन नॉक करत असतं. यातलं एक जरी तसंच राहिलं, तर नवं महागडं गॅस्केटही जाणार.

आत काय चाललेलं असतं ते एका खऱ्या इंजिनावर बघू. फोक्सवॅगन गटाचं १.८ लिटरचं, २० व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन आपल्याकडे स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसमध्ये आलं, १५० अश्वशक्तीचं. अजूनही लोक ती गाडी शोधून शोधून घेतात. बोअर ८१ मिमी, म्हणजे एका सिलिंडरच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ५१.५ चौरस सेंटीमीटर. इंधन पेटल्यावर आतला दाब ७० बार झाला, तर हेडला वर उचलणारं बळ साधारण ३.७ टन भरतं. बूस्ट वाढवून दाब १२० बारवर नेला, की तेच ६.३ टन होतं. ६००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये हा धक्का सेकंदाला ५० वेळा बसतो. बोल्टांनी हे बळ पेलायचं आणि त्यावर शिल्लक ताण ठेवायचा, कारण गॅस्केट दाबून ठेवायचं काम त्या शिलकीवर चालतं.

हे झालं नीट जळणाऱ्या इंजिनाचं. नॉकिंग सुरू झालं की दाब वाढत जात नाही, तो हातोड्यासारखा आदळतो. त्यापुढे कुठलाच स्टड फार काळ पुरत नाही. जाड स्टडनी हेड घट्ट धरून ठेवलं तर तो मार पिस्टनवर आणि रिंगांवर जातो आणि खर्च कितीतरी वाढतो. म्हणून इग्निशन आणि इंधनाचं ट्यूनिंग आधी. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० पेट्रोल २०२० पासून पुण्या-मुंबईत मिळतं. पण त्यावर केलेलं ट्यूनिंग घेऊन गावी गेलात आणि तिथल्या पंपावर साधं पेट्रोल भरलंत, तर इंजिन नॉक करणारच. जे पेट्रोल रोज मिळतं त्यावर ट्यूनिंग करून घ्या.

हेड उघडलं की जुनं गॅस्केट फेकू नका. मेस्त्रींना सांगून ठेवा, नाहीतर ते पहिलं भंगारात जातं. गॅस्केट कुठे आणि कसं गेलं हे पाहिलं की निम्मं निदान होतं. दोन सिलिंडरांमधल्या अरुंद पट्टीत जळालं असेल तर हेड गरम होऊन वाकल्याची शंका घ्या. सिलिंडरभोवतीची कडी चेपलेली, तुटलेली दिसली तर नॉकिंग. कडी शाबूत, पण तिच्यावरून बाहेरच्या बाजूला काजळीच्या रेघा गेल्या असतील, तर बूस्टखाली हेड क्षणभर उचललं जात होतं. गाडी एरवी गरम होत नाही, पण जोरात पळवली की कूलंटच्या टाकीतून पाणी बाहेर येतं, ही त्याचीच खूण. स्टड हा इलाज खऱ्या अर्थाने या शेवटच्या दुखण्यावर आहे. वाकलेलं हेड स्टडने सरळ होत नाही.

आता फेसिंगबद्दल. सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

जुनं कंपोझिट गॅस्केट मऊ असतं. पृष्ठभागावरच्या बारीक खाचा ते स्वतःत सामावून घेतं. अनेक थरांच्या स्टील गॅस्केटवर रबराचा जो लेप असतो तो फारच पातळ असतो. खरबरीत फेसिंगवर तो खाचा भरू शकत नाही आणि दाबाखालचा वायू त्या खाचांमधून वाट काढतो. शिवाय या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. ४०० मिमी लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं आणि मोकळं सोडलं, तर ते ब्लॉकपेक्षा साधारण ०.४ मिमी जास्त लांब होईल. म्हणजे दर वेळी इंजिन तापताना आणि निवताना हेड गॅस्केटवर घासत असतं. खरबरीत हेड हा लेप खरवडून काढतं. म्हणून स्टील गॅस्केट बनवणारे सर्वसाधारणपणे ५० मायक्रोइंच आरए किंवा त्याहून गुळगुळीत पृष्ठभाग मागतात. आपल्या भाषेत साधारण सव्वा मायक्रोमीटर. ‘हात फिरवून बघ, गुळगुळीत आहे’ या भरवशावर हे कळत नाही. ज्या मशीन शॉपकडे पृष्ठभागाचा खरबरीतपणा मोजायचं यंत्र आहे, त्यांच्याकडेच जा आणि आकडा लिहून मागा. मोजायला यंत्र नाही असं उत्तर आलं, तर काम दुसरीकडे न्या. त्यात रागावण्यासारखं काही नाही, साध्या गाड्यांचं फेसिंग ते उत्तम करत असतील.

सपाटपणा तुम्ही स्वतः तपासू शकता. चांगली सरळपट्टी आणि फीलर गेज घ्या. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर लावून बघा, हेडचं आणि ब्लॉकचंही. ब्लॉक तपासायचा राहून जातो, कारण तो गाडीतच असतो आणि बाहेर काढायचा कंटाळा असतो. इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेली मर्यादा पाळा. ती बहुतेक ०.०५ ते ०.१ मिमीच्या आसपास असते.

आणि एक गोष्ट कृपा करून थांबवा. जुनं गॅस्केट खरवडायला ग्राइंडरवर घासायची चकती लावू नका. अ‍ॅल्युमिनियममध्ये तिने डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात. त्याहून वाईट म्हणजे तिची रेती तेलाच्या वाटांत जाते आणि नवी बेअरिंगं खाते. लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी, रसायन आणि धीर, एवढंच वापरा.

गॅस्केट कुठलं घ्यावं याचं उत्तर बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा साधं आहे. कंपनीने इंजिनाला मुळातच थरांचं स्टील गॅस्केट दिलं असेल आणि तुमची वाढ माफक असेल, तर कंपनीचंच नवं गॅस्केट घ्या. वर सांगितलेल्या १.८ टर्बोमध्ये बूस्ट बराच वाढवला, तर गॅस्केटच्या आधी मूळ कनेक्टिंग रॉड वाकतात. तिथे रॉड न बदलता स्टडवर पैसे घालण्यात अर्थ नाही. कॉमेटिकसारख्या कंपनीचं गॅस्केट घ्यायची वेळ येते ती बोअर मोठा केल्यावर किंवा जाडी वेगळी हवी असल्यावर. गॅस्केटचं भोक सिलिंडरच्या बोअरपेक्षा साधारण एक मिमी मोठं असू द्या. कडा आत डोकावली तर ती तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. तांब्याची गॅस्केटं ड्रॅगच्या इंजिनांची. त्यांना ब्लॉकमध्ये तारेसाठी खाच पाडावी लागते आणि पाणी-तेल रोखण्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत ती घालू नका.

जाडीचा मोह मात्र टाळा. ‘कॉम्प्रेशन कमी करायचंय, जाड गॅस्केट टाकू’ हा सल्ला सर्रास दिला जातो. ८१ मिमी बोअर आणि ८६.४ मिमी स्ट्रोकच्या इंजिनात कॉम्प्रेशन ९.५ धरलं, तर अर्धा मिमी जास्त जाडीने ते साधारण ९.१ वर येतं. कमाई एवढीच. बदल्यात पिस्टनची कडा आणि हेड यांतली फट वाढते. ती फट एक मिमीच्या आसपास असते तेव्हा मिश्रण मध्यभागी जोराने ढकललं जातं, पटकन जळतं आणि नॉकिंगला आळा बसतो. फट वाढवून तुम्ही तोच फायदा घालवता. कॉम्प्रेशन खाली आणायचंच असेल तर त्यासाठी पिस्टन बदला.

स्टडकडे येऊ. कंपनीचे बोल्ट बऱ्याच इंजिनांत ताणून बसवायचे असतात. ठरलेला टॉर्क, मग पाव फेरी, पुन्हा पाव फेरी. हे बोल्ट एकदा ताणले की तसेच राहतात, म्हणून ते पुन्हा वापरायचे नाहीत. सेटची किंमत वाचवायला जुनेच बोल्ट घालणाऱ्यांनी निदान हा एक काटकसरीचा नियम सोडावा. बोल्टच्या डोक्यावर १०.९ लिहिलं असेल तर त्याची ताणशक्ती किमान सुमारे १००० मेगापास्कल. एआरपीच्या ८७४० मिश्रधातूच्या स्टडची ताणशक्ती १३०० ते १४०० च्या घरात, एआरपी २००० ची सुमारे १५००, आणि एल१९ ची सुमारे १८००. आकडा बघून एल१९ मागवू नका. त्या पोलादाला ओलावा आणि हाताचा घाम चालत नाही. त्याने ते आतून ठिसूळ होऊन अचानक तुटू शकतं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत, पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये बांधल्या जाणाऱ्या इंजिनाला ८७४० किंवा २००० हाच शहाणपणाचा पर्याय आहे.

स्टडचा खरा फायदा केवळ ताकदीत नाही. बोल्ट आवळताना तो फिरतही असतो आणि ताणलाही जात असतो, आणि हे सगळं ब्लॉकमधल्या आट्यांवर घासत. स्टड मात्र ब्लॉकमध्ये हाताने बसवून सोडायचा. पान्याने आवळायचा नाही. पुढे वरचा नट फिरतो आणि स्टड सरळ ताणला जातो, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी ताण जास्त सारखा येतो. तो सारखेपणा वंगणावर अवलंबून आहे. टॉर्क रेंचवर लावलेल्या बळातलं जवळजवळ ९० टक्के घर्षणातच खर्च होतं आणि जेमतेम दहावा भाग स्टड ताणतो. म्हणून एआरपीने स्वतःच्या वंगणासाठी दिलेला टॉर्क इंजिन ऑइल लावून वापरला तर ताण कमी पडतो. स्टडबरोबर आलेलं वंगण आणि त्याच कागदावरचा आकडा, दोन्ही एकत्रच वापरा. वंगण आट्यांवर, वायसरच्या वरच्या बाजूवर आणि नटाच्या बुडाला लावा. ब्लॉकमधले आटे चेसर फिरवून साफ करा. त्यासाठी टॅप वापरू नका, तो धातू कापतो. भोकात तेल किंवा पाणी साचलेलं ठेवू नका. भोक पाण्याच्या वाटेत उघडत असेल तर तिथल्या आट्यांना सीलंट हवं. गॅस्केटवर मात्र सिलिकॉनची ट्यूब पिळायची नाही, लेप आधीच आहे.

टॉर्क चुकला की काय होतं याचा मोठा दाखला टोयोटाने दिला आहे. १९८० च्या दशकात आलेल्या तिसऱ्या पिढीच्या सुप्राचं सात-एम टर्बो इंजिन हेड गॅस्केटसाठीच बदनाम झालं. कारखान्याने ठरवलेला हेड बोल्टचा टॉर्क कमी पडत होता. धातूचं गॅस्केट घालून, नीट फेसिंग करून आणि जास्त टॉर्क देऊन तीच इंजिनं पुढे मूळच्या कितीतरी पट ताकदीने चालवली गेली.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक करतात. हेड आवळल्यावर सिलिंडरचा गोलपणा किंचित बिघडतो. जास्त ताणाच्या स्टडने तो वेगळ्या जागी आणि जास्त बिघडतो. म्हणून बोअर होन करून घेताना टॉर्क प्लेट लावायला सांगा, आणि ती याच स्टडनी, याच प्रकारच्या गॅस्केटवर, याच टॉर्कला आवळायला सांगा. स्टड आधी होनिंगवाल्याकडे द्यावे लागतील. दोन दिवस जास्त जातील, जाऊ द्या. बोअर वाकडा राहिला तर इंजिन तेल खातं आणि दोष रिंगांना दिला जातो.

कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. असं इंजिन ट्रॅकवर चालवायचं. कोइमतूरचा कारी स्पीडवे आणि चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट (पूर्वीचा मद्रास मोटर रेस ट्रॅक) त्यासाठीच आहेत.

इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर कूलंटमधली हवा पूर्ण काढा. मग गाडी तापू द्या, रात्रभर निवू द्या आणि सकाळी पाण्याची पातळी पुन्हा बघा. बूस्ट एकदम वाढवू नका. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये दर वेळी गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा वरचा पाइप दाबून बघा. इंजिन अजून गार असताना तो दगडासारखा कडक लागला, तर जळालेला वायू पाण्यात शिरतोय. तिथेच थांबा. लीक-डाउन टेस्ट करा, आणि रंग बदलणाऱ्या द्रवाने कूलंटमध्ये जळालेला वायू आहे का ते तपासा. नट आणखी आवळून प्रश्न सुटेल असं समजू नका. हेड उतरवा आणि गॅस्केट वाचा.