फुलदाणी आणि फूटपट्टी

अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित घरांत, कलाशाळेची पायरी न चढलेल्या हातानें काढलेलें फुलदाणीचें चित्र दाखवावें, कीं आक्षेप ठरलेले : सावली कोठें आहे? मेज पुढें झुकलें कां? मग तें चित्र माळ्यावर जातें आणि भिंतीवर छापील गुलाब लागतात.

हे आक्षेप इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षकाला शोभतात. स्थिरचित्राला गुण देतांना छायाप्रकाश मोजावाच लागतो. परंतु परीक्षेची फूटपट्टी रसिकानें दिवाणखान्यांत कां आणावी? फ्रान्समध्यें सांलिस गांवीं सेराफीन लुई ही बाई लोकांच्या घरीं मोलकरणीचें काम करून फुलेंफळें रंगवी. १९१२ सालीं कलासंग्राहक विल्हेल्म ऊडे यांनीं शेजाऱ्याकडे सफरचंदांचें एक चित्र पाहिलें, चौकशी केली, तों चित्रकर्त्री त्यांचीच मोलकरीण निघाली! ऊडे सावली मोजीत बसले असते, तर आज सेराफीनचें नांव कोणास ठाऊक असतें?

म्हणून प्रत्येक वेडेंवांकडें चित्र थोर, असें आमचें म्हणणें नाहीं. कसोटी हवीच, पण ती निराळी. रंग निःशंक आहे काय? एक फूल हातानें झांकलें, तर सारें चित्र लंगडें पडतें काय? काढणारानें तें फूल स्वतः पाहिलें आहे काय? कपाशीचें फूल उमलतांना फिकट असतें, दुसऱ्या दिवशीं गुलाबी होतें. वऱ्हाडांतील एखादी शेतकरीण एकाच झाडावर हे दोन्ही रंग भरील, तर तें तिचें अज्ञान नव्हे, निरीक्षण होय. छापील गुलाबाची सावली बिनचूक असेल. त्यांत हें पाहणें कोठें आहे? घरांतील चित्र माळ्यावर टाकण्यापूर्वीं एवढें तरी तपासावें.