कपडा फुटत नाही

जुने पण धडधाकट कपडे मोबाइलवरून विकण्याची वाट आता पेण-रोह्याच्या घरांपर्यंत येऊन पोचली आहे. फोटो टाकला, भाव ठरला, पैसे खात्यात आले, इथपर्यंत आपल्या भगिनी झटपट जातात. अडते ते पुढे. कपडा धाडायचा कशात? या प्रश्नावर आमच्याकडे विचारणा होते, म्हणून यावेळचे सदर त्यासाठीच.

आधी जुन्या व्यवहाराची आठवण करून देतो. बोहारीण दारात यायची, चार साड्या, दोन पँटी, वर एक स्वेटर घेऊन एक पातेले हातात ठेवायची, आणि तेही घासाघीस करून. साडीचा भाव काय पडला याचा हिशेब कुणी केला नाही, कारण तो करण्यासारखा नव्हताच. आज तीच साडी रोख दोन-अडीचशे रुपयांना जात असेल तर ती घरखर्चाला मोठी मदत आहे. पण ही मदत बांधणीत आणि टपालात विरून गेली तर बोहारणीचे पातेले बरे म्हणायची पाळी येईल.

पहिली चूक बहुतेक जणी करतात ती खोक्याची. पेणच्या लोकांना खोक्याची सवय आहे, हे आम्ही समजू शकतो. पेण, हमरापूर, जोहे इकडच्या गणपतीच्या मूर्ती दूरदूर जातात. त्यांना पेंढा, कागदाच्या कात्रणी आणि मजबूत खोके लागते, कारण मूर्तीचे बोट मोडले की माल गेला. पेणच्या पोह्याच्या पापडांनाही खोके हवे, पापड तुटतो. कपडा मात्र फुटत नाही आणि तुटतही नाही. त्याचे वैरी दोनच, पाणी आणि वजन. खोके या दोहोंपैकी एकापासूनही त्याला वाचवत नाही. पावसात पुठ्ठा भिजून लगदा होतो, आणि वजन तर तो वाढवतोच.

हिशेब करून पाहा. सुती कुर्ता साधारण २०० ते २५० ग्रॅम भरतो. पुठ्ठ्याचे मध्यम खोके एकटेच दीडशे-दोनशे ग्रॅमचे असते. कुरियरची प्लास्टिक पिशवी १५-२० ग्रॅमच्या आत बसते. टपालाचे दर टप्प्याने चढतात. ५०० ग्रॅमची रेघ ओलांडली की पुढचा दर लागतो, मग ती दहा ग्रॅमने का ओलांडलेली असेना. दोन कुर्ते पिशवीतून गेले तर कधी रेघेच्या आत राहतात, खोक्यातून गेले तर कधीच नाही. शिवाय १५० रुपयांच्या कुर्त्यावर २५ रुपयांचे खोके म्हणजे विक्रीचा सहावा हिस्सा पुठ्ठ्यात गेला.

याहून मोठी मेख आकारमानाच्या वजनाची आहे. पार्सल हलके पण फुगीर असेल तर अनेक कुरियरवाले काट्यावरचे वजन धरत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात, त्याला ५००० ने भागतात आणि येईल तेवढे किलो धरतात. घरात पडलेले चपलांचे खोके फुकटचे म्हणून कुणी वापरले, ते ३० बाय २० बाय १२ निघाले, तर गुणाकार ७२०० आणि वजन १ किलो ४४० ग्रॅम! आत कुर्ता पाव किलोचा. तोच कुर्ता चपटा घडी करून, हवा दाबून काढून ३२ बाय २४ बाय ३ एवढ्या पुडक्यात बसवला तर हिशेबाने ४६० ग्रॅम येतात. फुकटचे खोके असे महागात पडते.

तेव्हा साधी रीत अशी ठेवावी. आत एक पारदर्शक पिशवी, बाहेर एक जाड पिशवी. आतली विकत आणू नये. नवे शर्ट, साड्या, चादरी ज्या पिशव्यांतून येतात त्या जपून ठेवल्या की वर्षाची बेगमी होते. बाहेरची म्हणजे कुरियरची चिकटपट्टीवाली पिशवी. शंभराचा गठ्ठा घेतला तर एक साधारण तीन ते पाच रुपयांना पडते, सुटी घ्यायला गेले तर दुप्पटही मागतात. एकीला शंभर लागणार नाहीत हे खरे. पण वस्तीतल्या चार-पाच जणींनी मिळून गठ्ठा आणला तर कुणालाच जड नाही, महिला मंडळाच्या भिशीपेक्षा सोपे काम आहे.

बाहेरच्या पार्सलांच्या आलेल्या पिशव्याही चालतात. एका कडेने सरळ कापून उलट्या कराव्यात, काळी बाजू बाहेर येते, आणि रुंद खाकी पट्टीने तोंड बंद करावे. जुने लेबल आणि त्यावरच्या उभ्या रेघा बाहेर मुळीच दिसू देऊ नयेत. यंत्र जुनीच रेघ वाचते आणि पार्सल भलतीकडे फिरते.

जास्त कपडे असतील, म्हणजे मुलांच्या कपड्यांचे गाठोडे किंवा तीन-चार साड्या, तर तांदळाची विणलेली गोणी उत्तम. आपला भाताचा मुलूख, घरोघर २५ किलोची रिकामी गोणी असतेच. ती झटकून, पुसून, उन्हात टाकून मापात कापावी, आत प्लास्टिकचे अस्तर घालावे आणि दाभण-सुतळीने तोंड शिवावे. पूर्वी टपालाची पार्सले मांजरपाटात शिवून लाखेने मोहोरबंद करीत, मुंबईच्या जी.पी.ओ.बाहेर ती शिवून देणारे कारागीर बसत आणि त्यावर त्यांची घरे चालत. ती रीत टाकाऊ नव्हती. मात्र शिवण्याआधी आपल्या पोस्टाच्या खिडकीवर विचारून घ्यावे, कारण काही ठिकाणी आता लेबल चिकटेल अशी गुळगुळीत बाजू मागतात. गोणीवर एक कागद पक्का चिकटवला की भागते.

खताची गोणी मात्र कितीही धुतली तरी वापरू नका. मिठागराकडून आलेली मिठाची गोणीही नको. मीठ हवेतली ओल ओढते आणि चार दिवसांत कपडा दमट होतो. वर्तमानपत्रात पांढरा कपडा थेट गुंडाळला तर शाई उतरते. वहीचे कोरे कागद घालावेत. डांबरगोळीचा वास घेणाऱ्याच्या कपाटापर्यंत जातो, तीही नको.

आमच्या कोकणात खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. कपडा हाताला कोरडा लागतो पण शिवणीत आणि नेफ्यात ओल असते. तो तसाच प्लास्टिकात बंद झाला की पोचेपर्यंत कुबट वास आणि काळे ठिपके. इस्त्री करून लगेच पिशवीत घालणे हीदेखील चूकच, वाफ आत कोंडते. इस्त्रीनंतर तासभर पंख्याखाली ठेवावा, पूर्ण गार झाल्यावर बंद करावा. जरीच्या साडीची जुनी घडी मोडून नवी घालावी, जर घडीवरच तुटते. वहीचा पुठ्ठा आत सरकवला तर साडी सुबक राहते, आणि पुठ्ठ्याचे वजनही नगण्य.

स्वच्छतेचा आग्रह आम्ही पोस्टासाठी धरत नाही. जुन्या कपड्याचा आपल्या समाजाशी संबंध फार कडवट आहे. मढ्यावरची वस्त्रे अंत्यजांनी नेसावीत असे सांगणारा ग्रंथ याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळला गेला. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना बजावले होते की वस्त्राला ठिगळे असली तरी चालतील, ते स्वच्छ असले पाहिजे. आज आपण विकणारे आहोत, घेणारीही बहुधा आपल्यासारखीच कष्टकरी घरची. तिने दाम मोजले आहेत. पुडके उघडताना तिला कुणाचे तरी उतरलेले अंगावर आले असे वाटता कामा नये. बटण तुटले असेल तर लावून द्या, डाग असेल तर फोटोतच दाखवा, आणि कुठे ठिगळ लावले ते आधी सांगा. घडी नीट असली की निम्मे काम होते.

पत्ता बॉलपेनने लिहावा, जेलपेनची शाई एका सरीत ओघळते. वरून पारदर्शक पट्टी मारावी. पिनकोड विसरू नये; पेणचा ४०२१०७, रोह्याचा ४०२१०९, आणि घेणारीचा तिच्याकडूनच लिहून मागवावा. पत्त्याची दुसरी चिठ्ठी, दोघींच्या मोबाइल नंबरासह, आतल्या पिशवीत टाकावी; बाहेरचे लेबल गळून पडले तरी माल ठिकाणी लागतो. पावती पैसे मिळाल्यावरही, कपडा पोचल्याचा निरोप येईपर्यंत सांभाळावी. आणि भाव ठरवताना टपालखर्च कोणाकडे हे पहिल्याच बोलण्यात ठरवून टाकावे. मागाहून ‘ताई, टपालाचे वेगळे’ म्हटले की सौदाही मोडतो, बोलणेही राहते. पुडके बांधण्यापूर्वीच किराणावाल्याच्या काट्यावर वजन करून पाहिले की हा आकडा आधीच सांगता येतो.

पेणची साडी रोह्यात किंवा रोह्याची पेणमध्ये विकली गेली तर इतका खटाटोपच नको. दिवा-रोहा गाडीने कासू, नागोठणे करीत रोज कुणी ना कुणी जाते-येते. ओळखीच्या माणसाच्या हाती कापडी पिशवीतून द्यावी, आणि पिशवी तेवढी परत मागून घ्यावी.