यीस्टने औषध केले, पण बाजारात हरले

सिंथेटिक बायॉलॉजीचा विषय निघाला की ‘ही देवाच्या कामात ढवळाढवळ’ हा आक्षेप हमखास येतो. मला मात्र खरा नैतिक प्रश्न त्याहून जमिनीवरचा वाटतो. एक उदाहरण पाहू.

गडचिरोलीत फाल्सिपेरम हिवतापाच्या रुग्णाला ज्या गोळ्या देतात, त्यांत आर्टेमिसिनिनपासून बनवलेले औषध असते. आर्टेमिसिनिन एका वनस्पतीपासून मिळते. त्याचा शोध लावणाऱ्या चीनच्या तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. पण पीक हाती यायला महिनोन्‌महिने लागतात आणि भाव सतत वरखाली होतो. म्हणून कॅलिफोर्नियात बर्कलीच्या जे कीसलिंग यांच्या गटाने त्या वनस्पतीची जनुके पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये बसवली. हे यीस्ट साखर खाऊन आर्टेमिसिनिक आम्ल तयार करते. पुढच्या काही रासायनिक पायऱ्यांनी त्याचे औषध होते. गेट्स फाउंडेशनने पैसा पुरवला आणि २०१३ मध्ये सानोफी कंपनीने ना नफा तत्त्वावर उत्पादन सुरू केले.

आणि २०१५ मध्ये उत्पादन शून्यावर आले! यीस्टच्या मालाची किंमत किलोला साडेतीनशे डॉलरच्या पुढे होती, तर शेतातल्या मालाचा भाव अडीचशेच्या खाली घसरला होता. विज्ञान यशस्वी झाले, पण गणित चुकले.

उलटे घडले असते तर? स्वस्त यीस्टने चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतल्या छोट्या शेतकऱ्यांचे पीक एका फटक्यात निरुपयोगी केले असते. रुग्णाचा फायदा मोठा, हे मान्य. पण नुकसान सोसणाऱ्याला आधी विचारायला नको?

दुसरी बाजूही पाहा. २०१५ मध्येच स्टॅनफर्डच्या क्रिस्टिना स्मोल्की यांच्या गटाने यीस्टकडून हायड्रोकोडोन हे अफूवर्गीय वेदनाशामक बनवून घेतले. प्रमाण अगदी नगण्य होते. तरी अशा औषधांच्या व्यसनाने पोळलेल्या अमेरिकेत ते यीस्ट कोणाच्या हाती पडेल, ही काळजी रास्तच आहे.

म्हणून संशोधन थांबवा, असे मी म्हणणार नाही. पण धोक्याच्या यीस्टवर नियंत्रण प्रयोगशाळेच्या दारातच हवे, आणि दानाच्या किंवा करांच्या पैशातून झालेले औषध गरिबाला परवडायलाच हवे. पुढच्या वेळी ‘क्रांतिकारक शोध’ अशी बातमी वाचाल तेव्हा एवढेच विचारा: हे कोणाला मिळणार, कोणाचे जाणार आणि किल्ली कोणाकडे?