रहस्यकथेचा ताळेबंद

थेरगावच्या डांगे चौकात संध्याकाळी कारखान्यांच्या बस थांबतात, तेव्हा उतरणाऱ्यांपैकी निम्मे मोबाइलवरील मालिकेतून मान वर न काढताच उतरतात. माझे विद्यार्थीही त्यांतलेच. ‘द चेस्टनट मॅन’ ही डॅनिश मालिका पाहून त्यांतील काहींनी भर तासाला विचारले, की आपल्याकडे असे का लिहिले जात नाही? प्रश्न वाङ्मयाचा खरा. परंतु त्याचे निम्मे उत्तर अर्थशास्त्राच्या प्रांतात मोडते.

सोरेन स्वाइस्ट्रुप यांची मूळ कादंबरी २०१८ ची, नेटफ्लिक्सवरील मालिका २०२१ ची. खुनांचा माग काढता काढता वाचक पोहोचतो, तो थेट उपेक्षित मुलांच्या संगोपनाची हमी घेतलेल्या शासनयंत्रणेपाशी. कल्याणकारी राज्याची अशी उलटतपासणी करणाऱ्या लेखकाला नाव मिळाले, ते मात्र तेथील सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या २००७ मधील ‘फोर्ब्रिडेल्सेन’ मालिकेमुळे; आणि ती संस्था त्या काळी जनतेच्या परवाना शुल्कावर चालत असे. शिवाय, ग्रंथालयांतील पुस्तकांबद्दल लेखकाला सरकारी तिजोरीतून मोबदला देण्याची तरतूद डेन्मार्कने १९४६ मध्येच केली होती.

आपल्याकडे वाचकांचा तुटवडा कधीच नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद वाचनालयांतून हातोहात फिरला. (समीक्षकांनी त्यांना पंक्तीबाहेर बसविले, ते सोडा.) पण शिवण उसवेपर्यंत एकच प्रत शेकडोंनी वाचली, तरी लेखकाच्या पदरी पडणार ते एका प्रतीचे मानधन. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना अनुदान मिळू लागले. त्यात पुस्तकखरेदी आली, सेवकांचे तुटपुंजे वेतन आले; वाचल्या गेलेल्या पुस्तकाबद्दल लेखकाचा वाटा मात्र आला नाही. शिरवळकर २००३ मध्ये गेले आणि त्यांची ‘समांतर’ ही कादंबरी मालिकेच्या रूपाने अवतरली २०२० मध्ये. पुस्तकाला पडद्यावरचे भाग्य लाभेपर्यंत तग धरायची, तर लेखकाने दरम्यान खायचे काय?

सरकारी पैशाने लेखक मिंधा होईल, असा आक्षेप येईल. पुरस्कार आणि समित्यांच्या बाबतीत तो मलाही मान्य आहे. परंतु येथे कोणा अधिकाऱ्याच्या आवडीनिवडीला वावच नाही. रक्कम ठरेल ती निव्वळ देवघेवीवरून. आणि गावोगावच्या वाचनालयांत, कोणते पुस्तक कोणत्या तारखेला कोणी नेले, याची नोंद आजही रोज होतच असते.